चौथा अंतरा

ध्वनिमुद्रण मध्येच तुटलं, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. मार्गदर्शक मॅडमना, परीक्षकांना, वर्गातल्या मुलांना, घरी बायकोलासुद्धा. ते तुटलं नव्हतं. चौथा अंतरा पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत माझ्याकडं आहे, आणि त्याच्या दुसऱ्या ओळीत गाणं रचणाऱ्याचं नाव आहे. तेव्हापासून मी तीन फोन बदलले. दर वेळी दुकानदाराला म्हणालो, बाकी काही गेलं तरी चालेल, एवढी एक फाइल जायला नको. ती मी कुणाला ऐकवली मात्र नाही.

हे आज पहिल्यांदाच सांगतो आहे.

तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांचा होतो आणि एका हायस्कुलात संगीत शिकवत होतो. शिकवत होतो म्हणजे सकाळची प्रार्थना, झेंड्यापुढची समूहगीतं आणि पाहुणे आले की स्वागतगीत. एका कनिष्ठ महाविद्यालयात संगीताची जागा निघणार अशी कुणकुण होती, आणि तिला एम.ए. लागत होतं. म्हणून या वयात कॉलेजात नाव घातलं. सकाळी सातला वर्ग, साडेनऊला सुटलो की पुंडलिकनगरला घरी येऊन दोन घास खायचे आणि शाळेत पळायचं. वर्गातली मुलं माझ्या मुलीच्या वयाची. मला काका म्हणायची. हजेरी घेताना मॅडम सगळ्यांना नावानं पुकारायच्या आणि माझ्यापाशी आल्या की नुसतं वर बघायच्या.

'संगीताचा इतिहास आणि संस्कृती' हा पेपर मला खरोखर आवडायचा. गळा माझा बेताचाच. पण कुठलं गाणं कुठून आलं, कुणी कुणाला दिलं, दर्ग्यातली चाल भजनात कशी शिरली, हे ऐकताना मी लिहायचं विसरून जायचो. लोकसंगीताचा भाग सुरू झाला त्या दिवशी मॅडमनी व्याख्या सांगितली आणि ती मी लाल शाईनं अधोरेखित केली. लोकगीताचा कर्ता अज्ञात असतो. तो समूहात विरघळलेला असतो.

मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "मॅडम, आणि समजा कर्ता सापडला तर? गाणं मरतं का मग?"

वर्ग हसला. मॅडमही हसल्या. म्हणाल्या, "तो पुढच्या वर्षीचा पेपर आहे. बस खाली."

मीही हसलो होतो.

शेवटच्या वर्षी प्रकल्प होता. मराठवाड्यातलं आजवर न छापलेलं एक गाणं शोधायचं, त्याचं स्वरलेखन करायचं आणि त्याच्यामागचा इतिहास लिहायचा. आमच्या शाळेतल्या सेविकाबाईंचं माहेर वेरूळजवळच्या एका वस्तीत. एका रविवारी त्यांच्यासोबत गेलो. बौद्ध वस्ती. अंगणात चार बाया बसल्या, आधी लाजल्या, मग एकीनं सुरू केलं आणि बाकीच्या तिच्या मागं गेल्या.

माय बसली खडीला, हातोडा गं तिच्या हाती
वाट झाली वेरूळाची, माय राहिली मागुती

रस्त्याची खडी फोडणाऱ्या बाईचं गाणं. लेणी बघायला मोटारी जातात, कुणी खाली उतरून खडी बघत नाही, असं एक अंतरा म्हणतो. तीन अंतरे झाले आणि बाया थांबल्या. मला विचित्र वाटलं. तिसऱ्यानंतर चाल वर चढलेलीच राहते, मुखड्यावर उतरत नाही. जिन्याची शेवटची पायरी नसावी तसं.

"पुढं?" मी विचारलं.

"पुढं नाय. एवढंच हाय."

"कुणी केलं हे गाणं?"

"कोण करील? आमच्या सासवा म्हणायच्या. त्या कामाला जायच्या ना रोडावर."

मी वहीत लिहिलं: रचनाकार अज्ञात. आनंदानं लिहिलं, हे कबूल करतो. मॅडमनी मुद्रण ऐकलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "काका, हे सोनं आहे." त्यांनी मला काका म्हटलेलं ते पहिलंच. शीर्षक मंजूर झालं: 'वेरूळ परिसरातील एक अज्ञातकर्तृक लोकगीत'. मी साठ पानं लिहिली, आणि ती सगळी त्या एका 'अज्ञातकर्तृक' शब्दावर उभी होती.

प्रकल्प द्यायला पंधरा दिवस उरले असताना शाळेची पेटी आणायला मी मुकुंदवाडीला गेलो. स्टेशनाच्या अलीकडं पेटी दुरुस्त करणारे एक मामा बसायचे. पत्र्याचं दुकान, आत दोन माणसांपुरती जागा. सत्तरीला आलेले. पितळी सुराची पट्टी कानाजवळ धरून टोकाला हलकंच घासायचे, सूर चढायचा. मुळाशी घासली की उतरायचा. ट्यूनरचं यंत्र त्यांच्याकडं नव्हतं. शाळेची पेटी मी सात-आठ वर्षं त्यांच्याचकडं देत होतो. त्यांची तरुणपणी गायन पार्टी होती, जयंतीला ते गावोगाव भीमगीतं म्हणत फिरायचे, एवढं मला माहीत होतं. यापलीकडं मी कधी विचारलं नव्हतं.

पेटी तपासायला म्हणून मी डोक्यात घोळत होता तोच मुखडा वाजवला.

मामांनी कानस खाली ठेवली. "हे कुठून आणलं, मास्तर?"

"वेरूळकडून. जुनं लोकगीत आहे."

"जुनं व्हय," ते म्हणाले. "माझ्यापरीस जुनं नसंल."

मला कळलं नाही. त्यांनी माझ्या पुढ्यातली पेटी स्वतःकडं ओढली, भाता उघडला, आणि गायला लागले. आवाज फाटलेला होता पण सूर जागच्या जागी. तीन अंतरे झाले. मग चौथा. 'तिच्या पोटचा मी सांगे' अशी त्याची सुरुवात आहे. दुसऱ्या ओळीत त्यांचं नाव आलं, आणि चाल अलगद खाली उतरून मुखड्यावर येऊन बसली. पायरी सापडली.

"तिथं माझ्या मावशीचं घर," ते म्हणाले. "दर साली आमची पार्टी जायची. बायांनी उचललं आसंल. नाव कशाला म्हणतील त्या? उखाण्यात घ्यायला मी काय त्यांचा नवरा हाय?" आणि स्वतःच हसले.

"मामा, पुन्हा म्हणता? रेकॉर्ड करतो."

त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं, केसांवरनं हात फिरवला. जणू फोटो काढायचा होता. पुन्हा सगळं म्हटलं, चारही अंतरे. शेवटी म्हणाले, "कागदावर येईल ना, मास्तर?"

"येईल."

"मायचं नाव न्हवतं टाकता आलं. पार्टीत रीत कवीचं नाव टाकायची. म्हणून माझं टाकलं, पण तिचाच पोरगा म्हणून टाकलं."

त्या संध्याकाळी मी साठ पानं पुढ्यात घेऊन बसलो. आता हे लोकगीत राहिलं नव्हतं. कर्ता मुकुंदवाडीत पेट्या दुरुस्त करत होता. नवा विषय घ्यायचा तर एक वर्ष जाणार, आणि तोवर ती जागा भरली जाणार. दुसऱ्या दिवशी मी मॅडमना सांगायचं ठरवून स्टाफरूमच्या दारात उभा राहिलो. मला बघताच त्या शेजारच्या बाईंना म्हणाल्या, "हेच ते. यांचं गाणं विभागाच्या संग्रहात छापतोय आपण." मग माझ्याकडं वळून, "बोला, काय काम होतं?"

मी म्हणालो, "बांधणी हिरव्या कव्हरात करू की निळ्या?"

तोंडी परीक्षेला बाहेरून एक वयस्कर परीक्षक आले होते. त्यांनी स्वरलेखन पेन्सिलीनं वाचत नेलं, टेबलावर बोटांनी ठेका धरून. तिसऱ्या अंतऱ्याच्या शेवटी बोटं थांबली. पुन्हा मागं गेले, पुन्हा थांबले.

"इथं गाणं संपत नाही हो. तुटतं."

त्यांनी पेन्सिल त्या ओळीखाली टेकवली.

"या धाटणीच्या गाण्याला शेवटी एक अंतरा असतो. त्यात बहुधा नाव येतं. तो मिळाला नाही?"

फोन माझ्या शर्टाच्या खिशात होता. बंद केलेला, पण मला तो छातीवर तापल्यासारखा वाटत होता. मॅडम माझ्याकडं बघत होत्या. त्यांच्या नजरेत संशय नव्हता, काळजी होती. माझा विद्यार्थी अडखळू नये एवढीच. ती नजर मला सोसवेना.

"सर, ध्वनिमुद्रण तिथंच तुटलं. नंतर गेलो तर बायांना आठवेना."

"मग पुन्हा एकदा जा. असे अंतरे कुठंतरी असतात."

"जातो, सर."

त्यांनी मान हलवली आणि पान उलटलं. पहिला वर्ग मिळाला. पुढच्या जूनमध्ये जागाही मिळाली.

एक गोष्ट इथंच लिहायला हवी, नाहीतर हे सांगणंही अर्धवट राहील. मी शेतकरी घरातला. ज्या रस्त्याची खडी त्यांच्या आईनं फोडली, त्याच रस्त्यानं आमच्या घरच्या बैलगाड्या आणि पुढं ट्रॅक्टर गेले. गाणं माझ्या भावकीतल्या कुणाचं असतं, तर त्याचं नाव मी गाळलं असतं का? गाळलं नसतं. सोयरिकीत, लग्नाकार्यात तो भेटला असता, चारचौघांत विचारलं असतं. मामा मला कुठं भेटणार होते? वर्षातून एकदा, पेटी घेताना. त्यांचं नाव गाळायला सोपं होतं म्हणून गाळलं. व्याख्येचा आधार घेतला तो नंतर.

पण ते भेटले. त्याला कारणही मीच. या सगळ्याच्या आधी कधीतरी मी मॅडमना सांगून ठेवलं होतं, की कॉलेजच्या पेट्या मुकुंदवाडीच्या मामांकडं द्या, कान सोन्याचा आहे. स्नेहसंमेलनाच्या सकाळी एक पेटी बिघडली आणि त्यांना बोलावून आणलं. मी पाहुणा म्हणून पहिल्या रांगेत जाणार होतो, तेवढ्यात विंगेत ते दिसले. बाजूला हत्यारांची पिशवी, हात धोतराला पुसत.

"मास्तर, तुम्ही पण इथंच व्हय?"

तेवढ्यात निवेदिका माइकपाशी गेली. "मराठवाड्याचं पारंपरिक लोकगीत. रचनाकार अज्ञात." मग विभागाच्या नव्यानं छापलेल्या पुस्तकाचा उल्लेख आणि संकलन म्हणून माझं नाव.

वीसेक मुलींनी सुरू केलं, माय बसली खडीला. मामांनी माझ्याकडं बघितलं नाही. ते मुलींकडं बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आधी फक्त आनंद होता. एवढ्या मुली, एवढा मोठा हॉल. गुडघ्यावर त्यांची बोटं पेटीवर चालावीत तशी चालत होती. पहिला, दुसरा, तिसरा. मॅडमनी शेवट नीट व्हावा म्हणून तिसऱ्यानंतर स्वतःच दोन स्वर जोडून मुखडा आणला होता. टाळ्या सुरू झाल्या. त्या टाळ्यांत, माझ्यापासून हातभर अंतरावर, मामा चौथा अंतरा म्हणत होते. हळू, ओठांतल्या ओठांत. दोन शब्द झाले आणि मग त्यांना कळलं की गाणं संपलंय.

बाहेर गाड्यांच्या स्टँडपाशी त्यांनी मला गाठलं. ते चिडले असते तर मला बरं झालं असतं.

"शेवटचा राहिला का, मास्तर?"

माझ्यासमोर दोन वाटा होत्या, खरं सांगायचं नाहीतर मुद्रण तुटल्याचंच सांगायचं. मी तिसरी काढली.

"मामा, त्याचं काय झालं, त्यात जरा मात्रेची गडबड होती. नावापाशी एक मात्रा वाढते. लिहायला घेतलं की बसत नाही ते."

मात्रा वाढत नव्हती. ओळ आठ-आठ अक्षरांत नेमकी बसते, मी मोजली होती.

त्यांनी ओळ ओठांतल्या ओठांत पुन्हा म्हणून बघितली. बोटांवर मोजत होते. मग म्हणाले, "चाळीस-पंचेचाळीस वर्सं म्हणतोय, कुणी बोललं नाय. पण तुम्ही शिकलेले. तुम्हाला दिसत आसंल." पिशवी खांद्यावर घेतली. "म्हणजे माझं नावच बसंना म्हणायचं. आत्याला बारशालाच सांगायला पायजे व्हतं." हसले आणि रिक्षाच्या थांब्याकडं गेले.

त्यानंतर मी पेटी दुसरीकडं द्यायला लागलो. स्टेशनाकडं जायचं झालं तर वळसा घालून जायचो.

सातआठ महिन्यांनी एका दुपारी दारावर मामा. पत्ता विचारत विचारत पुंडलिकनगरात तीन गल्ल्या फिरून आले होते. बायकोनं पाणी दिलं, चहा ठेवला. त्यांनी खिशातून चौघडी घातलेला वहीचा कागद काढला आणि माझ्या हातात दिला. निळ्या पेनानं, सावकाश काढलेल्या अक्षरांत चौथा अंतरा लिहिलेला होता. नवा. 'तिच्या पोटचा मी सांगे' खोडून वर लिहिलं होतं, 'तिची लेकरं सांगती'. दुसऱ्या ओळीत नाव नव्हतं.

"लई दिवस लागले," ते म्हणाले. "नाव ठिवून चार-पाच तऱ्हा करून बघितल्या. तुम्ही म्हणता ते खरंच आसंल, मला तर काय घावलं नाय. मग म्हटलं नावच काढू. आता बसतंय का बघा. पुस्तक दुसऱ्यांदा छापलं तर घाला."

मी कागद वाचत राहिलो. वाचून झाला होता, तरी वाचत राहिलो. मी लाल शाईनं अधोरेखित केलेल्या व्याख्येत हा अंतरा चपखल बसत होता. कर्ता समूहात विरघळला होता. त्याला मी विरघळवला होता, आणि ते काम त्याच्याच हातानं करून घेतलं होतं.

"बसतंय," मी म्हणालो.

चहा पिऊन ते गेले. बायकोनं विचारलं, "कोण हो?"

"पेटीवाले."

"कागद कसला?"

"बिल," मी म्हणालो.

आता मी त्याच कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. लोकसंगीताचा भाग दर वर्षी येतो, आणि दर वर्षी मी तीच व्याख्या सांगतो. मुलं उतरवून घेतात. मागच्या बाकावरनं कुणी काही विचारत नाही.

मागच्या आठवड्यात एक विद्यार्थिनी प्रकल्पाची फाइल घेऊन आली. मुकुंदवाडीचीच. डोळे चमकत होते.

"सर, विभागाच्या पुस्तकातलं तुमचं गाणं. त्याचा हरवलेला चौथा अंतरा सापडला मला."

मी फाइल उघडली नाही. काय असणार ते मला माहीत होतं. तिनंच वाचून दाखवलं. तिची लेकरं सांगती.

"कुणी म्हटला?"

"आमच्याकडं एक आजोबा आहेत, आधी पेट्या दुरुस्त करायचे. आता नीट ऐकू येत नाही त्यांना, दुकान बंद केलं. मी विचारलं, आजोबा, कुणी रचलंय हे? तर म्हणाले, आमच्या वस्तीचं हाय, तसंच लिही." तिनं पान दाखवलं. रचनाकार अज्ञात, असं सुंदर अक्षरात लिहिलेलं. "आणि सर, एक गंमत. ते म्हणाले, तुझ्या सरांना ईचार, आता बसतंय ना. तुम्ही ओळखता त्यांना?"

वर्गाबाहेर पोरांचा गलका चालू होता. ती उत्तराची वाट बघत उभी होती, हातात पेन धरून. शेवटच्या पानावर मार्गदर्शक म्हणून माझी सही हवी होती.

"फाइल ठेवून जा," मी म्हणालो. "बघून सोमवारी देतो."

"बसते ना पण मात्रा, सर?"

"सोमवारी सांगतो."

फाइल घरी टेबलावर आहे. तिच्याशेजारी तो वहीचा कागद, घड्यांवर विरत आलेला. सही केलेली नाही. या लिहिण्यातही मामांचं नाव मी घातलेलं नाही, आणि ते सवयीनं नाही. इथं घातलं तर माझ्या कबुलीजबाबाला ते शोभा आणेल. ते आधी जिथून काढलं तिथं पडायला हवं. संग्रहात, मॅडमच्या कानावर, या मुलीच्या फाइलीत.

त्याआधी एक काम आहे. मुकुंदवाडीला जायचं, त्यांच्या समोर बसायचं आणि त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगायचं, की जुना अंतरा बरोबर होता, नाव मात्रेत बसत होतं, मी खोटं बोललो. हे मी त्यांचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.